ग्रिलमधल्या एल्मविषयी

सातारा, 18 मे

चि. ओंकार यास,


तुझ्या चायनीज एल्म बोन्सायचा फोटो पाहिला. झाड टीव्हीच्या बाजूला, डोक्यावर एसी, खिडकीला पडदा. पानं पिवळी पडून गळायला लागली म्हणून तू पाणी वाढवलंस, ते आधी थांबव. पाणी कमी पडलं तरी पानं गळतात आणि जास्त झालं तरी गळतात, त्यामुळे पानांवरून पाण्याचं काहीच कळत नाही. मातीत बोट घालून बघ. पहिलं पेर कोरडं लागलं तरच पाणी घाल, आणि घालशील तेव्हा तळाच्या भोकांतून वाहेपर्यंत घाल. बशीत साठलेलं ओतून टाक. 'रोज सकाळी एक कप' असा नेम धरू नकोस. उथळ ट्रे मे महिन्यात दिवसातून दोनदा सुकू शकतो, आणि श्रावणात चार-चार दिवस ओलाच राहतो.

झाड आत ठेवू की बाहेर, असं तू विचारलं आहेस. मुंबईत ते बाहेरच ठेवावं, असं माझं ठाम मत आहे. चीन, कोरिया, जपानकडचा हा मोठा वृक्ष; आपला वावळ त्याच्याच कुळातला. बर्फाच्या देशांत लोक त्याला घरात घेतात, कारण तिथे उथळ ट्रेमधली मुळं गोठण्याची भीती असते. तुमच्या घोडपदेवला कसलं बर्फ? उबदार हवेत तो जवळजवळ बारा महिने हिरवा राहतो. जानेवारीत थोडी जुनी पानं झडली तर घाबरू नकोस. खोलीत आपल्याला लख्ख वाटणारा उजेड झाडाला मात्र उपासाचा असतो. आठवडाभर पाहुणा म्हणून हॉलमध्ये ठेवलास तर चालेल, कायमचा नको.

रे रोडच्या बाजूचं तुमचं पूर्वेचं ग्रिल त्याला उत्तम. सकाळचं चार-पाच तास ऊन मिळेल. पण एकदम उन्हात काढू नकोस, पानं करपतील. आठ-दहा दिवस थोडं थोडं वाढवत ने आणि मे संपेपर्यंत ऊन चढल्यावर हिरवी जाळी टाक. ट्रे तारेने ग्रिलला घट्ट बांध, खालून माणसं जातात. दारूखान्याकडच्या ट्रकांची धूळ पानांवर बसते, म्हणून दोन-तीन दिवसांनी सकाळी पानं वरून-खालून पाण्याच्या फवाऱ्याने धू. लाल कोळी ही कीड कोरड्या, धुळकट पानांखालीच वाढते. पांढऱ्या कागदावर फांदी झटक. ठिपके चालायला लागले तर तीच समज. धुऊन संध्याकाळी कडुनिंबाचं तेल पातळ करून फवार.

मला खरी काळजी पावसाची वाटते. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. नर्सरीतली लाल माती आणि शेणखत त्या ट्रेमध्ये चिखल होऊन बसतं आणि मुळं कुजतात. तसं हे झाड सहजासहजी मरत नाही. ज्या रोगाने ब्रिटनमधले एल्म 1970च्या दशकात लाखोंनी गेले, त्याच्यापुढेसुद्धा हा चिनी भाऊबंद बराच टिकून राहतो. पण कुजलेल्या मुळांपुढे त्याचाही इलाज चालत नाही. माती आत्ता बदलू नकोस, झाड अशक्त आहे. पावसाळाभर छज्ज्याखाली सरकव आणि ट्रेच्या एका टोकाखाली विटेचा तुकडा ठेव, म्हणजे पाणी एका बाजूने निथळेल. फेब्रुवारीत नवी पालवी फुटायच्या सुमारास धुतलेला विटेचा चुरा, बारीक खडी आणि थोडं कंपोस्ट असं मिश्रण करून माती बदल. बारीक धूळ चाळून टाक. तेव्हा मुळं एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नकोस. पुढे दर दोन वर्षांनी एवढं केलंस की पुरे.

तुझी आई म्हणते, बोन्साय म्हणजे झाडाला उपाशी ठेवून खुजं करणं, घरात नको. तिला समजावून सांग. उपाशी झाड लहान राहत नाही, मरतं. याला वाढीच्या दिवसांत खत लागतं, भिजवलेल्या पेंडीचं पातळ पाणी पंधरा दिवसांनी पुरतं. लहान राहतं ते छाटणीने. फांदीला सहा-सात पानं येऊ द्यायची, मग दोनवर कापायची. तुझं झाड मात्र जोमाने फुटेपर्यंत खत नको आणि कात्रीही नको.

फांदी वाळल्यासारखी वाटली तर नखाने साल किंचित खरवड. आत हिरवं दिसलं तर ती जिवंत आहे, तोडू नकोस. वर्षाच्या सुरुवातीला राणीबागेत महापालिकेचं झाडाफुलांचं प्रदर्शन भरतं. भायखळा तुला चालत जाण्याएवढं आहे. जा, आणि जुन्या बोन्सायांचं खोड, मुळं, ट्रेमधली माती नीट बघून ये. जमलं तर आईलाही ने.

आज संध्याकाळीच झाड एसीखालून काढ आणि पानांच्या खालच्या बाजूचा जवळून फोटो पाठव.

तुझी,
आत्या