चाळीस प्रोसेस, तरी वेग तोच

प्रश्न : मी विरारला राहते. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी जुलै २०१८ मधल्या वसई-नालासोपाऱ्याच्या पावसाचा अभ्यास डब्ल्यूआरएफ या हवामान प्रारूपावर करते आहे. लॅपटॉपवर डॉकरमध्ये सगळं नीट चालतं. क्लस्टरवर डॉकरला परवानगी नाही, म्हणून तीच इमेज ॲपटेनरने चालवली. ४० प्रोसेस मागितल्या, तरी वेग लॅपटॉपइतकाच. कंटेनर सगळीकडे सारखा चालतो ना?

उत्तर : आधी फोल्डरमधल्या आरएसएल नावाच्या फायली मोजा. ४० प्रोसेस मिळून काम करत असतील, तर प्रत्येकीची वेगळी फाइल दिसेल, ० पासून ३९ पर्यंत क्रमांकाची. तुमच्याकडे बहुधा शून्य क्रमांकाच्याच फायली असतील आणि आत 'टास्क ० ऑफ १' ही ओळ पुन्हा पुन्हा. तसं असेल तर चाळीसही जणींनी तोच सगळा पाऊस आपापला मोजला आणि एकाच फायलीत लिहिलं. निकाल दिसतात, एररही येत नाही, त्यामुळे हा दोष कित्येकांच्या लक्षातच येत नाही.

प्रोसेस एकमेकींशी बोलतात त्या एमपीआय लायब्ररीतून. ती क्लस्टरवर एक आहे, कंटेनरच्या आत दुसरी. बाहेरची लायब्ररी प्रोसेस सुरू करून देते, पण आतली तिचा निरोप ओळखत नसेल, तर प्रत्येक प्रोसेस स्वतःला एकटीच समजते. क्लस्टरवर ओपन एमपीआय असेल तर इमेजमध्येही तीच आणि जवळच्या आवृत्तीची घाला. एमपिच आणि इंटेल एमपीआय यांच्या २०१४ नंतरच्या आवृत्त्या एकमेकींच्या जागी चालतात. ओपन एमपीआय त्या गोतात नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत २०१८ साली आलेल्या 'प्रत्युष'चं उदाहरण घ्या. ते क्रे बनावटीचं यंत्र, त्याचं अंतर्गत नेटवर्क वेगळं आणि एमपीआय त्या नेटवर्कसाठीच बांधलेली. तुमच्या इमेजला ते कुठून ठाऊक असणार?

कंटेनर लायब्ऱ्या सोबत नेतो; कर्नल, चिप आणि नेटवर्क मात्र त्या यंत्राचंच. घरचा डबा नेला तरी पाणी तिथलंच प्यावं लागतं. म्हणून 'कुठेही सारखा' ही जाहिरात मला धोक्याची वाटते. विद्यार्थी भलतीकडे दोष शोधत बसतात. चिपचंच पाहा. नव्या लॅपटॉपवर त्याच्याच चिपसाठी कंपाइल केलेला प्रोग्राम क्लस्टरच्या जुन्या नोडवर 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून कोसळतो. ॲपलच्या एम मालिकेच्या मॅकवर बनवलेली इमेज इंटेलच्या नोडवर सुरूच होत नाही.

डॉकरला मनाई आहे, ती योग्यच. त्याची सेवा सहसा रूटच्या अधिकाराने चालते आणि शेकडो लोकांच्या सामायिक यंत्रावर तो अधिकार कोणालाही देता येत नाही. म्हणूनच २०१५ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ग्रेगरी कर्टझर यांनी सिंग्युलॅरिटी सुरू केली. २०२१ मध्ये लिनक्स फाउंडेशनकडे जाताना तिचं नाव ॲपटेनर झालं. ती तुमच्याच अधिकाराने चालते आणि सहसा तुमची होम डिरेक्टरी आत जोडते. आलेखांसाठी पायथन वापरत असाल तर सावध राहा : होममधली जुनी पॅकेजेस कंटेनरमधल्या नव्यांच्या आधी पकडली जातात.

डब्ल्यूआरएफ थोडं बाजूला ठेवा. आपला क्रमांक छापणारा दहा ओळींचा एमपीआय प्रोग्राम त्याच इमेजमध्ये दोन नोडवर चालवा. वेगवेगळे क्रमांक आले की मगच प्रारूपाकडे वळा. प्रारूप सुरू होताच सेगमेंटेशन फॉल्ट आला, तर आधी जॉब स्क्रिप्टमध्ये स्टॅकची मर्यादा काढून पाहा.

एमपीआय जुळल्यावर कदाचित एक नवी एरर येईल, आणि ती खरी असेल. प्रारूपात वसई-विरारपुरता आतला चौकोन ६० बाय ६० बिंदूंचा घेतला, तर ४० प्रोसेसमध्ये वाटताना प्रत्येकीच्या वाट्याला एका बाजूने दहापेक्षा कमी बिंदू येतात आणि डब्ल्यूआरएफच्या नव्या आवृत्त्या तिथेच थांबतात. त्या चौकोनाला २५ प्रोसेस पुरे. बाहेरचा चौकोन मात्र मोठा ठेवा, अरबी समुद्र आणि सह्याद्री दोन्ही त्यात येतील इतका.