वॉर्डातली प्रार्थना: आजारी लेकराच्या आईवडिलांसाठी

लेकराला ल्युकेमिया झाल्याचं कळलं की पहिल्या आठवड्यात मंडळीतले लोक येऊन सांगतात: विश्वास ठेवा, प्रभू सांभाळील. खरंच आहे ते. पण परळच्या टाटा रुग्णालयात रिपोर्टची वाट बघत बसलेल्या बापाने त्या वाक्याचं नेमकं करायचं काय, हे कोणी सांगत नाही. म्हणून ही कृती. उदाहरण ल्युकेमियाचं घेतलंय, कारण त्याच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकाराचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात आणि एवढा काळ नुसत्या उमाळ्यावर निघत नाही.

सामान थोडंच लागतं: खिशात मावणारा, स्तोत्रांसकट छापलेला नवा करार, एक वही आणि मंडळीतलं एक खमकं माणूस.

आधी डॉक्टरांना विचारा. आजाराचं पूर्ण नाव, उपचाराचा सध्याचा टप्पा, आणि काय झालं तर क्षणभरही थांबायचं नाही, हे तिन्ही वहीत लिहून घ्या. केमोनंतर रक्तपेशींचे काउंट खाली असताना आलेला ताप ही तातडीची बाब असते. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं; प्रार्थना रिक्षात करायची. नेमकं कळलं की मागणंही नेमकं होतं. ‘सगळं नीट कर’ म्हणताना मन भिरभिरत राहतं. ‘उद्या पाठीच्या कण्यात सुई घालताना ती घाबरू नये’ म्हटलं की मनाला टेकायला जागा मिळते.

मग पापाचा हिशेब बंद करा. कोणाच्या पापामुळे हे झालं, हा प्रश्न प्रत्येक घरात येतोच. कौटुंबिक प्रार्थना बंद पडली होती म्हणून हे झालं, असं बोलून दाखवणारी एखादी आत्याही येते. योहानाचा नववा अध्याय काढा आणि दोघांनी मिळून मोठ्याने वाचा. जन्मांध माणसाला बघून शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की आईबापाचं? येशू दोन्ही नाकारतो. एवढं वाचूनही आत्याबाई थांबल्या नाहीत तर काही दिवस त्यांना वॉर्डात येऊ देऊ नका. त्यात अधर्म काही नाही.

तक्रार करा. इथे घाई नको, कारण बहुतेक ख्रिस्ती घरांत हीच पायरी गाळली जाते. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे आपल्या तोंडी इतकं बसलंय की निदान कळल्याच्या संध्याकाळीच आपण ते म्हणून टाकतो आणि मग आत काहीतरी आंबत राहतं. गेथशेमाने बागेत येशूने आधी प्याला टळावा असं मागितलं, तेही पुन्हा पुन्हा, जमिनीवर पालथा पडून. इच्छा सोपवणं त्या मागण्याला धरूनच आलं, मागणं गाळून नव्हे. तेव्हा तेरावं स्तोत्र उघडा. सहाच ओव्यांचं आहे आणि त्याची सुरुवातच देवाला जाब विचारण्याने होते. अठ्ठ्याऐंशीवं तर शेवटपर्यंत अंधारातून बाहेर येत नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. एक ओवी वाचायची आणि तिच्याखाली वहीत आपलं वाक्य लिहायचं. ‘प्रभू, तिचे केस उशीवर पुंजक्यांनी पडतात आणि मी ते गोळा करून ओढणीच्या टोकात बांधते. तू बघतोयस ना?’ असं. भाषा घरचीच ठेवा, उपदेशपीठावरची नको. लिहून झालं की वही मिटा. शेवटी आभार मानलेच पाहिजेत असं नाही.

प्रार्थना लहान करा, वेळेला बांधा. वॉर्डात अर्धा तास सलग कोणाला मिळत नाही. सलाईनचा पंप वाजतो, सिस्टर येते, शेजारचं मूल रडतं. म्हणून एका श्वासात मावेल असं एकच वाक्य ठरवा. मार्काच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाच्या बापाने आपला विश्वास आणि अविश्वास दोन्ही एकाच दमात येशूपुढे टाकले. तेवढंच पुरलं, मुलगा बरा होण्याआधी बापाला अधिक विश्वास घेऊन यायला सांगितलं गेलं नाही. तुमचं वाक्य ‘प्रभू येशू, दया कर’ एवढंही चालेल. सुई टोचताना, रिपोर्ट उघडताना, रात्री पंपाच्या आवाजाने जाग आल्यावर तेच म्हणायचं. झोपवताना ‘उपासना संगीत’मधलं एकच गीत रोज गा. नारायण वामन टिळकांची गीतं यासाठी बरी पडतात, पेटी नसली तरी हळू आवाजात चालतात.

मंडळीला काम लावा. खमकं माणूस इथे लागतं. निरोप त्याच्याकडूनच जावेत, नाहीतर एकच रिपोर्ट चाळीस फोनांवर समजावताना आईचा दिवस संपतो. प्रार्थनेच्या विनंतीबरोबर प्लेटलेटही मागा. त्या जेमतेम पाच दिवस टिकतात, फार साठवता येत नाहीत, त्यामुळे दात्यांची यादी हाताशी हवी. नुकतीच अ‍ॅस्पिरिन घेतलेला दाता चालत नाही, हे यादी करतानाच विचारा. धाकट्या भावाला शाळेत सोडणं, डबा, घरभाडं हीसुद्धा मंडळीचीच कामं.

पाळकांना किंवा फादरना तेल लावायला जरूर बोलवा. याकोबाच्या पाचव्या अध्यायात तेच सांगितलंय. कॅथलिक घरांत अजून काही जण याला शेवटचं तेल समजून घाबरतात. तो विधी 1972 साली पोप सहावे पॉल यांनी सुधारला. गंभीर आजार सुरू होतानाच तो घेता येतो. मात्र मूल समजत्या वयाचं हवं. त्याहून लहान असेल तर फादर आशीर्वाद देतात. काउंट कमी असतील तर एकानेच आत यावं, साबणाने हात धुऊन, मास्क लावून. बाकीच्यांनी खाली आवारात उभं राहून प्रार्थना करावी.

चंगाई सभेला गेलात तरी औषध थांबवू नका. आणि मुळात काउंट खाली असताना लेकराला त्या गर्दीत नेऊच नका. हिज्कीया राजाला देवाने पंधरा वर्षांचं आयुष्य वाढवून दिलं, तरी यशयाने त्याच्या गळवावर अंजिराचा लेप लावायला सांगितलाच. गोळ्या टाकून द्या म्हणणाऱ्याला हे दाखवा आणि बाहेरचा रस्ता धरा.

लेकराने विचारलं तर खरं सांगा. ‘येशू मला बरं करणार ना?’ याला ‘हो’ म्हणणं सोपं असतं. पण पुढचा काउंट बिघडला की आपणच प्रार्थनेत कमी पडलो असं मूल धरून बसतं. ‘आम्ही रोज तेच मागतोय, डॉक्टरही झटतायत, आणि काहीही झालं तरी येशू आणि आम्ही तुझ्याजवळच आहोत’ असं सांगा, मग त्याला काय मागायचंय ते विचारा. बहुधा उत्तर येतं: घरी जायचंय, मांजराला भेटायचंय. तेच मागा, त्याच शब्दांत.

उपचार थांबवायची वेळ आलीच तर दुखणं कमी करणाऱ्या पॅलिएटिव्ह विभागाच्या डॉक्टरांना लगेच भेटा. मॉर्फीन देणं म्हणजे विश्वास सोडणं नव्हे. डोस कधी, किती, मध्येच कळ आली तर काय द्यायचं आणि रात्री फोन कोणाला करायचा, हे सगळं त्याच वहीत लिहून घ्या.