पेले मोजू नका, मद्यार्क मोजा

मुलगा किंवा मुलगी जर्मनीत नोकरीला आणि आई-वडील दोन-तीन महिने त्यांच्याकडे राहायला, हे आता आपल्या गावांतही नवलाचे राहिलेले नाही. तिकडे गेल्यावर ‘इथली या मोसमातली खास बिअर आहे, चव तरी पाहा’ असा प्रेमाचा आग्रह होतो. एरवी घरी न घेणारेही ‘बिअरच तर आहे, तिने काय होते?’ असे म्हणून पेला हातात घेतात. हा प्रश्न जरा तपासून पाहण्यासारखा आहे.

मोसम बदलतो, ताकद बदलते

म्युनिक ज्या बव्हेरिया प्रांतात आहे, तेथे बिअरचे वर्षभराचे पंचांगच असते. याचे मूळ जुन्या कायद्यात आहे. उन्हाळ्यात बिअर नासते, म्हणून १५५३ मध्ये तेथे २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर गाळण्यास बंदी झाली. मग मार्चमध्येच जास्त टिकणारी बिअर करून थंड तळघरात ठेवू लागले. तिला ‘मेर्झन’, म्हणजे मार्चची बिअर, असे नाव पडले.

ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या काळात मठातले साधू अन्नाऐवजी दाट, पौष्टिक बिअर पीत. आपल्या साबुदाण्याच्या खिचडीप्रमाणे हा उपवासही जडच! आजही त्या दिवसांत मिळणाऱ्या ‘डॉपेलबॉक’ बिअरमध्ये ७ ते ८ टक्के मद्यार्क असतो. मे महिन्यातली ‘मायबॉक’ साडेसहा-सात टक्क्यांची, तर उन्हाळ्यात आवडीने प्यायली जाणारी गव्हाची बिअर पाच-साडेपाच टक्क्यांची असते. १८१० मध्ये एका राजपुत्राच्या लग्नातून सुरू झालेल्या ‘ऑक्टोबरफेस्ट’ या जत्रेत सुमारे ६ टक्क्यांची बिअर चक्क एक लिटरच्या मगमध्ये देतात.

म्हणजे पेला तसाच दिसतो, फेसही तसाच. पण आतला मद्यार्क मोसमाप्रमाणे कमी-जास्त होतो.

सोपा हिशेब

मिलिलिटरला टक्क्यांनी गुणावे, १०० ने भागावे आणि ०.८ ने गुणावे. उत्तर येते ते मद्यार्काचे ग्रॅम.

* पाच टक्क्यांची अर्धा लिटर बिअर : २० ग्रॅम
* आठ टक्क्यांची अर्धा लिटर बिअर : ३२ ग्रॅम
* सहा टक्क्यांचा एक लिटरचा मग : ४८ ग्रॅम

व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगात साधारण २० ग्रॅम मद्यार्क असतो. म्हणजे जत्रेतला एक मग दोन मोठ्या पेगांहून अधिक झाला. लहान बिअर कारखान्यांत लाकडी फळीवर चवीपुरते पाच छोटे पेले मांडून देतात. प्रत्येकी १०० मिलिलिटर आणि सरासरी ७ टक्के धरले, तरी ‘नुसती चव’ २८ ग्रॅमवर जाते.

यकृत तासाला साधारण सात-आठ ग्रॅम मद्यार्काचाच निचरा करते. कॉफी, लिंबूपाणी किंवा थंड पाण्याची अंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. एक मग पचायला सहा तास किंवा त्याहून जास्त लागतात. रात्री उशिरा दोन मग घेणाऱ्याने सकाळी गाडी चालवायला बसू नये, ते यामुळेच.

गोळ्या चालू असणाऱ्यांसाठी

खरा धोका येथे आहे. यकृत मद्यार्काच्या मागे लागले की रक्तात साखर सोडण्याचे त्याचे काम मंदावते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्या मधुमेही माणसाची रक्तशर्करा त्यामुळे एकदम उतरू शकते, कित्येकदा काही तासांनी, अगदी झोपेतसुद्धा. त्यात प्रवासात जेवणाची वेळ चुकलेली असते आणि चालणेही रोजच्यापेक्षा जास्त झालेले असते.

घाम, थरथर, अडखळते बोलणे, गोंधळ ही साखर उतरल्याची लक्षणे. तोंडाला बिअरचा वास असल्याने बरोबरचे लोक ‘चढलीय, झोपू द्या’ म्हणतात, आणि उपचाराची वेळ निघून जाते. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवावे आणि रुग्णवाहिका बोलवावी. युरोपात त्यासाठी ११२, आपल्याकडे १०८.

प्रवासात लागू नये म्हणून घेतलेल्या गोळ्या, सर्दीच्या आणि झोपेच्या गोळ्या यांची गुंगी मद्याने वाढते. ज्यांना गाऊट आहे त्यांचे युरिक ॲसिड बिअरने चढते. रक्तदाबही वाढतो.

गोव्यातला उर्राक

हाच नियम आपल्या शेजारच्या गोव्यालाही लागू आहे. काजूच्या हंगामात, साधारण फेब्रुवारी ते मे, बोंडांच्या रसाच्या पहिल्या गाळपातून उर्राक मिळतो. त्यात साधारण १५ टक्के मद्यार्क असतो, पण दर भट्टीची ताकद वेगळी. लेबल नसलेल्या बाटलीचा हिशेब करता येत नाही. पुढच्या गाळपातली फेणी तर ४० टक्क्यांच्याही वर जाते. सोड्याच्या पेयात मिसळलेला उर्राक सरबतासारखा घशाखाली उतरतो. भर उन्हात शरीरातले पाणी आधीच कमी झालेले असते आणि मद्याने लघवी वाढून ते आणखी कमी होते.

लक्षात ठेवा

१. बाटलीवरचा किंवा फलकावरचा टक्का आधी वाचा, मग ठरवा.
२. रिकाम्या पोटी घेऊ नका. प्रत्येक पेल्यामागे पाणी प्या.
३. चव पाहायचीच असेल तर एकच छोटा पेला सर्वांत वाटून घ्या.
४. मधुमेह, यकृताचा आजार, गर्भारपण किंवा पूर्वीचे व्यसन असेल तर चवही नको.
५. जर्मनीत ‘मद्यार्करहित’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिअरमध्येही अर्ध्या टक्क्यापर्यंत मद्यार्क असू शकतो. व्रत म्हणून वर्ज्य करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. न पिणाऱ्याने केवळ ‘तिथली खासियत’ म्हणून सुरुवात करण्याचे काहीच कारण नाही. मुलांनीही एवढे करावे : वडिलांच्या हाती पेला देण्याआधी त्यांच्या गोळ्यांची डबी एकदा उघडून पाहावी.