सिसिलीतही ताण देतात

काल रात्री तू पाठवलेले फोटो एकेक करून बघितले गं. पांढरी घरं, निळे घुमट, कठड्यावर बसलेली जोडपी. आणि खाली तुझा प्रश्न, "ताई, भूमध्य समुद्रातलं कुठलं बेट चांगलं?" लगेच उत्तर दिलं नाही, कारण दोन ओळींत सांगण्यासारखं ते नाही. लग्नाला पाच वर्षं होतायत, दोघांनी पोटाला चिमटा काढून या प्रवासाचे पैसे जमवलेत. ते वाया जायला नकोत. म्हणून आज दुपारी कूलरसमोर बसून निवांत लिहितेय.

आधी एक सांगते. नुसता समुद्र हवा असेल तर इतक्या लांब जाऊ नकोस. आपण काटोलच्या मुली, समुद्र कितीही बघितला तरी आपलं पोट भरत नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्यासाठी मालवण आहे. सिंधुदुर्ग किल्ला पाण्यात उभा आहे, होडीत बसलं की पोचलीस. परक्या देशातलं बेट निवडताना मी वेगळंच बघते. आपण गेलोच नसतो, तर तिथली माणसं उद्या सकाळी उठून काय करत असती? बागेत जात असती, जाळी दुरुस्त करत असती, बाजारात वांगी निवडत असती, तर ते बेट जाण्यासारखं. पाहुणा आला नाही तर जिथे दिवाच लागणार नाही, तिथे तिसऱ्या दिवशी मन उडतं.

तुझ्या फोटोंतलं सान्तोरिनी मी नावं ठेवायला घेत नाहीये. पण तिथे क्रूझमधून उतरणाऱ्यांवर दिवसाला ८,००० ची मर्यादा घालायची वेळ आली, आणि बेटाची वस्ती आहे जेमतेम पंधरा हजारांच्या आसपास. म्हणजे ज्या कठड्यावर तुला दोघांनाच बसायचंय, तिथे मागे केवढी रांग असेल बघ. गेलीसच, तर तिथल्या द्राक्षवेली बघ. वाऱ्याने मोडू नयेत म्हणून शेतकरी त्या जमिनीलगत गोल वळवतात, अगदी टोपली विणावी तशा, आणि घड त्या टोपलीच्या आत धरतो. पाऊस कमी, म्हणून धुक्याचा ओलावाही त्यांना पुरवून घ्यावा लागतो. मला ते घुमटांपेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

पण मला विचारशील तर तू सिसिलीला जा. का, ते माझ्या पहिल्या फेरीत कळलं.

तेव्हा मी एका टूरबरोबर गेले होते, जुलैत. सात दिवसांत माल्टा, सिसिली आणि काप्री. रोज पहाटे बॅग भरायची आणि रोज रात्री नव्या खोलीत उघडायची. कातानियाहून आचिरेआलेकडे जाताना भर दुपारी आमची बस बंद पडली. सगळे सावली शोधायला लागले. मी रस्त्याच्या कडेला गेले तर खाली लिंबाची बाग. काळ्या दगडांचे धुरे, पायऱ्यांसारखे एकाखाली एक. एटना ज्वालामुखीचा तो लाव्हा. झाडांची पानं आत वळलेली, विडा दुमडावा तशी. जमिनीला भेगा. बरोबरच्या एक काकू हळहळल्या, "अरेरे, वाळली बिचारी."

मी धुऱ्यावरून उतरून जवळ गेले. एका काडीची साल नखाने खरवडली, आत हिरवीगार. आणि बागेच्या वरच्या अंगाला पाण्याचं टाकं होतं, दगडी चौकोनी, काठोकाठ भरलेलं. पाणी होतं, आणि दिलेलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला बघ. अगं, ताण दिला होता त्या बागेला! आपले बाबा संत्र्याच्या बागेला देतात तसाच.

तिथे एक म्हातारे शेतकरी होते. गाइडला मध्ये घालून मी विचारलं. त्यांनी आधी मूठ गच्च आवळून दाखवली, मग तिच्यावर दुसऱ्या हाताने पाणी ओतल्यासारखं केलं आणि बोटं एकेक करून उघडली. भाषा लागलीच नाही. उन्हाळ्यात, जून-जुलैत, पाणी तोडायचं. झाड पुरतं तहानलं की ऑगस्टमध्ये भरपूर ओलीत करायचं. झाड फुलावर येतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात बाजारात लिंबू दुर्मीळ असतं तेव्हा याच्या झाडावर हिरवट लिंबं तयार. त्या फळाला ते 'वेरदेल्ली' म्हणतात. मृग बहारासाठी बाबा एप्रिल-मेमध्ये ओलीत बंद करून आभाळाकडे बघत बसतात, आंबियासाठी थंडीत ताण देऊन जानेवारीत पाणी सोडून तो तोडतात. हिशेब तोच, फक्त महिने वेगळे. बस सुरू झाली आणि मला निघावं लागलं. त्याच दिवशी ठरवलं, इथे परत यायचं, आणि इथेच राहायचं.

दुसऱ्यांदा गेले ती मार्चमध्ये, दहा दिवस, फक्त सिसिली. तूही तसंच कर. जुलै-ऑगस्टमध्ये मुळीच नको. ११ ऑगस्ट २०२१ ला सिराकुझाजवळ ४८.८ अंशांची नोंद झाली होती, युरोपातला तो उच्चांक. ऊन खायला नागपूर सोडून कशाला जायचं? मार्चमध्ये समुद्र गार असतो, पोहायचं असेल तर सप्टेंबर धर. पण मार्चमध्ये लाल संत्री मिळतात. एटनाच्या पायथ्याच्या मैदानात दिवस उबदार आणि रात्री गारठ्याच्या, त्या फरकाने फळाच्या आत लाल रंग चढतो. तारोक्को नावाची जात माग. साल आपल्या संत्र्यासारखी पोकळ नाही, चाकू लागतो. फाक उघडली की आत जांभळट लाल शिरा, आणि चवीला मागून एक आंबटगोड झणका. आपलं संत्रं सुटसुटीत, गोड, हातात सोलून खायचं. दोन्हींची तुलना करू नकोस, दोन्ही खा.

या कुळातली फळझाडं तिथे आणली अरबांनी. ८२७ मध्ये ते उतरले, ८३१ मध्ये पालेर्मो घेतलं, आणि त्यांच्या राजवटीत कडू संत्रं, लिंबू, ऊस तिथे रुजले. गोड संत्रं बरंच नंतर आलं. झाडांबरोबर पाण्याची विद्या आली. मी पाहिलेल्या त्या टाक्याला तिथे आजही 'जेब्बिया' म्हणतात, पाटाला 'साया', दोन्ही शब्द मूळचे अरबी. पालेर्मोच्या जमिनीखाली उताराने पाणी आणणारे बोगदे आहेत, आपल्या औरंगाबादच्या नहरे-अंबरीचे जणू भाऊच. आणि संत्र्याला ते 'अरांचा' म्हणतात. संस्कृतातलं नारंग फारसी-अरबीतून फिरत फिरत तिथे पोचलं, वाटेत पुढचा न गळून पडला. हा शब्द मी बाबांना सांगितला तेव्हा त्यांनी तो चारदा म्हणून बघितला.

जेवणाची काळजी करू नकोस. तुझ्या सासूबाई डब्यात ठेपले भरून देतील, थोडे घे, पण पोट मोकळं ठेव. पालेर्मोच्या बाल्लारो बाजारात 'पानेल्ले' मिळतात. चण्याचं पीठ पाण्यात कालवून घट्ट होईपर्यंत घाटायचं, ताटात थापायचं, गार झालं की तुकडे पाडायचे. ओळखलंस? पाटवडी! फरक इतकाच की ते ती रश्श्यात सोडत नाहीत, तेलात तळून तीळ लावलेल्या पावात घालतात आणि वर लिंबू पिळतात. शाकाहारी माणसाला आणखी काय हवं? वांग्याची आंबटगोड कापोनाता आहे, वांगी घातलेला पास्ता आहे. भाताचे तळलेले गोळे मात्र विचारून घे, आत बहुतेकदा मांसाचा रस्सा असतो. त्यांचं नाव 'अरांचीनी', म्हणजे छोटी संत्री.

चार-पाच दिवस सिराकुझात काढ, ओर्तीजा या जुन्या भागात. तिथलं मुख्य चर्च सकाळी लवकर गाठ, आणि आत जाण्याआधी बाजूच्या गल्लीतून चाल. भिंतीत जाडजूड खांब अर्धे बाहेर आलेले दिसतील. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातल्या अथेना देवीच्या देवळाचे ते खांब. ते पाडलं नाही, मधल्या जागा चिणून चर्च केलं. मध्ये काही काळ तिथे मशीदही होती. मी एका खांबाला तळवा टेकवून बराच वेळ उभी होते. दगड थंड, आणि शेजारून एक बाई भाजीची पिशवी घेऊन घरी चालली होती. याच गावात इसवी सनापूर्वी २१२ मध्ये रोमन सैन्याने आर्किमिडीजला मारलं. हे सगळं एका गल्लीत, आणि त्या बाईला संध्याकाळचा स्वयंपाक करायचाय. मी 'जाण्यासारखं' म्हणते ते हेच.

वेळ असेल तर विमानाने न उतरता इटलीच्या मुख्य भूमीवरून रेल्वेने जा. मेस्सीनाच्या सामुद्रधुनीवर गाडीचे डबे जहाजात चढवतात आणि पलीकडे पुन्हा रुळांवर उतरवतात. तुझ्या नवऱ्याला ते फार आवडेल, गाड्यांचं वेड आहे ना त्याला.

आणि जाण्याआधी एकदा काटोलला जाऊन ये. बाबांच्या बागेत उभी राहा, झाडाच्या आळ्यात बोट खुपसून ओल कुठवर आहे बघ, पान किती वळलं की ते पाणी सोडतात हे विचारून घे. आपली काळी माती लाव्ह्याचीच, एटनाच्या पायथ्याचीही. मग आपली किती दिवस ताण धरते आणि त्यांची किती, हा बाबांचा पहिला प्रश्न होता मी परतल्यावर. मला सांगता आलं नाही, त्या दिवशी बस सुरू झाली होती. तेवढं मात्र तू विचारून ये.