आधी दोर बांधा, मग उतरा

बीड जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पूर्वेकडे अंबाजोगाई, तर पश्चिमेच्या टोकाला आष्टी. समजा, अंबाजोगाईत बसून तुम्हांला आष्टी तालुक्यातील एका शाळेचा राऊटर ठीक करायचा आहे. संगणकांच्या संदेशांना योग्य वाट दाखवणारे यंत्र म्हणजे राऊटर. शंभर किलोमीटरहून दूर असलेल्या या यंत्राला आज्ञा देता येते, कारण तुमचा संदेश त्याच्याच दारातून आत शिरतो.

अडचण नेमकी इथेच आहे. आज्ञा चुकली आणि ते दार बंद झाले, तर चूक सुधारणारी आज्ञाही आत जाऊ शकत नाही. बसल्या फांदीवरच कुऱ्हाड! मग कोणीतरी आष्टीला जाईपर्यंत शाळेची सारी ऑनलाइन कामे अडून बसतात.

प्रथम 'रीसेट' या शब्दाचे दोन अर्थ वेगळे करू. एक, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करणे. यात जतन केलेली मांडणी शाबूत राहते. दुसरा, यंत्राला कारखान्यातून आले तसे कोरे करणे. यात पत्ता, परवलीचा शब्द, जोडणीचा तपशील, सारे पुसले जाते. दूर बसून हा दुसरा मार्ग सहसा धरू नये.

आता राऊटरच्या स्मृतीकडे वळू. मोठ्या संस्थांत वापरल्या जाणाऱ्या अनेक राऊटरांत मांडणीच्या दोन प्रती असतात. एक चालू स्मृतीत असते. वीज जाताच ती नाहीशी होते. दुसरी कायम स्मृतीत जतन केलेली असते. यंत्र सुरू होताना ही दुसरी प्रत वाचते. या साध्या गोष्टीतच सुटकेची युक्ती आहे.

गाळ काढायला विहिरीत उतरणारा माणूस कमरेला दोर बांधतो आणि काठावरच्याला सांगतो, "दहा मिनिटांत मी दोर हलवला नाही, तर मला वर ओढ." आत गेल्यावर हाक मारता येईलच, यावर तो विसंबत नाही. राऊटरबाबतही असेच करावे:

१. जतन केलेली मांडणी बिनचूक आहे ना, हे आधी तपासा. तिची एक प्रत स्वतःजवळ ठेवा.
२. "दहा मिनिटांनी आपोआप पुन्हा सुरू हो," अशी आज्ञा द्या.
३. मग बदल करा, पण तो जतन करू नका.
४. संपर्क तोडून नव्याने जोडून पाहा. जुळला, तर दहा मिनिटांची आज्ञा रद्द करा आणि मगच बदल जतन करा.
५. संपर्क तुटला, तर स्वस्थ बसा. मुदत संपताच यंत्र जुनी मांडणी वाचून परत येईल.

यंत्रांची मांडणी दुरून बदलण्याच्या 'नेटकॉन्फ' या नियमावलीतही ही सोय आहे. मुदत वेगळी सांगितली नाही, तर ती ६०० सेकंद धरली जाते. घरगुती राऊटर मात्र बहुधा बदल लगेच जतन करतात; तेथे ही युक्ती चालत नाही. अशा वेळी मोबाइलवरून जाणारी दुसरी वाट किंवा तेथे हजर असलेला जाणता माणूस हवा.

याच विचाराचे भव्य उदाहरण आकाशात आहे. १९७७ साली निघालेल्या व्हॉयेजर २ यानाला २१ जुलै २०२३ रोजी चुकीची आज्ञा गेली आणि त्याचा अँटेना पृथ्वीपासून २ अंशांनी वळला. यान सुमारे १,९९० कोटी किलोमीटर दूर होते. प्रकाशाच्या वेगाने भागून पाहा: संदेश पोहोचायलाच साडेअठरा तास! कॅनबेराजवळील केंद्रावरून अतिशय शक्तिशाली संदेश पाठवून ४ ऑगस्टला संपर्क परत मिळाला. पण तो प्रयत्न फसला असता, तरी आशा होती. १५ ऑक्टोबरला यान आपणहून अँटेना पृथ्वीकडे वळवणार होते. ती आज्ञा त्याला आधीच दिलेली होती.

आता तुम्हीच विचार करा. राऊटरची मुदत दहा मिनिटांऐवजी तीस सेकंद ठेवली, तर काय होईल? आणि बारा तास ठेवली, तर?