वर्ध्याच्या थंडीत कोईच्या तळ्यासाठी हीटर असा निवडा

चला, परसातल्या तळ्याकाठी उभे राहू. वही-पेन हातात घ्या आणि पाकीट खिशातच ठेवा, कारण आधी मोजायचं, मग झाकायचं आणि खरेदी सगळ्यात शेवटी. वर्धा असो, हिंगणघाट असो की आर्वी, आपल्याकडे पाणी गारठतं ते मुख्यतः डिसेंबर-जानेवारीच्या रात्री. दुपारी ऊन मदतीला येतंच. म्हणून आपल्याला मोठा हीटर नको, नेमका हीटर हवा.

लागणारं सामान: पाण्यात बुडणारा थर्मामीटर, दोरी, मोजपट्टी, वही, जाड पारदर्शक प्लास्टिक, बांबू किंवा पीव्हीसी पाइप, आणि घरचं ताजं वीजबिल.

आधी मोजमाप

१. थर्मामीटर दोरीला बांधून तळापासून वीतभर वर लटकवा. *जपा:* वरवरचं माप फसवं असतं, उन्हात वरचा थर लवकर तापतो.

२. सात दिवस दोन वेळा नोंद घ्या, पहाटे सूर्य उगवण्याआधी आणि दुपारी तीनला. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा अंदाज बघून थंडीची लाट असलेला आठवडा पकडा. *जपा:* बातम्यांतलं तापमान हवेचं असतं. तळ्याचं पाणी हवेइतकं पटकन उतरत नाही.

३. नोंदी समोर ठेवून हीटर हवा की नको ते ठरवा. पहाटेचं पाणी १५ अंशांच्या वर आणि दिवस-रात्रीचा फरक ३ अंशांच्या आत असेल, तर नुसतं झाकण पुरे. पाणी त्याहून गार होत असेल, फरक मोठा असेल, किंवा तळ्यात पिल्लं वा आजारी मासे असतील, तर पुढे चला. *जपा:* मोठी, निरोगी कोई थंडी सोसते. रोजचे मोठे चढउतार मात्र तिला आजारी पाडतात.

४. तळ्यात किती लिटर पाणी आहे ते काढा. लांबी × रुंदी × खोली, तिन्ही मीटरमध्ये, आणि उत्तराला १००० ने गुणा. ३ मीटर लांब, २ मीटर रुंद, १ मीटर खोल तळ्यात ६००० लिटर पाणी. तळं गोल असेल तर व्यास × व्यास × ०.७८५ × खोली × १०००. *जपा:* खोली पाण्याची मोजा, भिंतीची नाही.

मग झाकण

५. बांबू किंवा पाइपची चौकट करून त्यावर प्लास्टिक ताणा. ते पाण्यापासून वीतभर उंच राहू द्या. *जपा:* एका कोपऱ्यात चार बोटं फट ठेवा, नाहीतर हवा कोंडते.

६. झाकण संध्याकाळी पाचला घाला आणि सकाळी ऊन पडलं की काढा. *जपा:* दिवसभर झाकलेलं राहिलं तर दुपारी पाणी नको तेवढं तापतं. आणि ऊब हवी म्हणून काठावर पऱ्हाट्यांची शेकोटी पेटवू नका. राख पाण्यात पडली की पाणी क्षारीय होतं.

७. झाकलेल्या तळ्याची रात्रीची घट मोजा. संध्याकाळी सहाचं तापमान वजा सकाळी सहाचं तापमान. तीन रात्री मोजा आणि सगळ्यात मोठा आकडा धरा. *जपा:* या रात्री ताजं पाणी सोडू नका, हिशेब चुकेल.

आता हिशेब

८. घटीचे वीज-युनिट करा: लिटर × घटीचे अंश ÷ ८६०. आपल्या ६००० लिटरच्या तळ्यात रात्री दीड अंश घट झाली, तर ६००० × १.५ ÷ ८६० म्हणजे साधारण साडेदहा युनिट.

९. आलेल्या युनिटना १२ तासांनी भागा आणि उत्तराची दीडपट करा. इथे साडेदहा भागिले १२ म्हणजे सुमारे ०.८७. त्याची दीडपट १.३. म्हणून दीड किलोवॉटचा हीटर घ्यायचा. *जपा:* “मोठा असलेला बरा” म्हणून तीन-चार किलोवॉटचा आणू नका. थर्मोस्टॅट अडकला, तर मोठा हीटर पाणी भराभर तापवतो आणि तुमच्या लक्षात येईपर्यंत मासे हातचे जातात.

१०. महावितरणच्या बिलावरचा मंजूर भार बघा. गीझर, पंप आणि हा हीटर एकाच वेळी चालले तरी बेरीज त्यात बसली पाहिजे. *जपा:* बसत नसेल तर आधी भार वाढवून घ्या, मग खरेदी करा.

११. खर्च काढा. दीड किलोवॉटचा हीटर बारा तास सलग चालला तर १८ युनिट. त्याला तुमच्या बिलातल्या दराने गुणा. *जपा:* वापर वाढला की वरच्या टप्प्याचा दर लागतो. तोच दर धरा.

निवड

१२. तळ्याच्या आकाराप्रमाणे प्रकार ठरवा.
 – साधारण २००० लिटरपर्यंत: जाळीच्या आवरणाचा, पाण्यात बुडणारा हीटर.
 – त्याहून मोठं घरगुती तळं: फिल्टरच्या पाइपमध्ये बसणारा इनलाइन हीटर.
 – फारच मोठं तळं, रोजचा वापर: हीट पंप. महाग पडतो, पण तेवढ्याच उष्णतेला वीज पुष्कळ कमी खातो.
 – गच्चीवर सोलर असेल तर: गरम पाणी स्टीलच्या कॉइलमधून फिरवा.
*जपा:* सोलरचं कडक पाणी थेट तळ्यात सोडू नका. बादलीत पाणी तापवायचा रॉड तर तळ्यात कधीच घालू नका. माशांच्या आणि तुमच्याही जिवाला धोका आहे.

१३. हीटरचा धातू विचारा आणि टायटॅनियमचाच घ्या. *जपा:* तळ्यात मीठ घालत असाल तर साधं स्टील गंजतं. तांब्याची कॉइल नकोच, पाण्यात उतरणारं तांबं माशांना विषारी असतं.

१४. वेगळा डिजिटल थर्मोस्टॅट मागा. सेन्सर पाण्यात राहील आणि १ अंशाच्या फरकाने हीटर चालू-बंद होईल असा. *जपा:* इनलाइन हीटरला पाण्याचा प्रवाह थांबला की आपोआप बंद होण्याची सोय आहे ना, ते दुकानातच विचारा.

जोडणी

१५. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. *जपा:* हे झाल्याशिवाय हीटर जोडायचा नाही. पुढेही पाण्यात हात घालण्याआधी स्विच बंद करा.

१६. हीटर फिल्टरच्या नंतर जोडा: पंप, फिल्टर, हीटर, तळं, याच क्रमाने. *जपा:* फिल्टरच्या आधी जोडला तर हीटरमध्ये गाळ बसतो.

१७. थर्मोस्टॅट आज पाण्याचं जे तापमान आहे त्यावरच लावा.

१८. रोज १ अंश वाढवत १८ वर आणा आणि तिथेच थांबा. *जपा:* एका रात्रीत पाच-सहा अंश चढवू नका, माशांना झटका बसतो.

१९. एअर पंप इन्व्हर्टरवर जोडा. लाइट गेली तर ऊब थोडा वेळ टिकते, ऑक्सिजन मात्र लवकर घटतो. *जपा:* हीटर इन्व्हर्टरवर टाकू नका, बॅटरी लगेच बसेल.

२०. खाणं पाण्याचं तापमान बघून द्या. १० अंशांखाली काहीच नाही. १० ते १५ मध्ये दुपारी, थोडंसं, पचायला हलकं. *जपा:* उरलेलं खाणं लगेच काढा.

२१. फेब्रुवारीअखेर थर्मोस्टॅट रोज १ अंश उतरवत हीटर बंद करा.

२२. हीटर काढून त्यावरचे बोअरच्या पाण्याचे क्षार व्हिनेगरने पुसा आणि कोरडा करून ठेवा. *जपा:* चौकट मोडू नका. तिच्यावर हिरवी जाळी ताणा, कारण मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि तेव्हा तळ्याला सावली लागते.

हा क्रम पाळलात तर आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक परसतळ्यांना चांगलं झाकण आणि एक छोटा हीटर पुरेल, आणि काहींना तर झाकणावरच भागेल. तेव्हा आज संध्याकाळी पहिली पायरी उरकून टाका. थर्मामीटर पाण्यात सोडा, उद्या पहाटे पहिला आकडा वहीत लिहा.