साच्याविना भाजलेली फळांची पोळी : फ्रान्समधील गालेत

फ्रान्सच्या ग्रामीण भागात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सफरचंदांची तोडणी सुरू झाली की बागाइतदाराच्या घरी फळांची दोन भागांत निवड होते. टणक व निर्दोष फळे थंड खोलीत फळ्यांवर सुटी सुटी मांडून ठेवतात. त्यांतील काही जाती हिवाळाभर टिकतात. परंतु वाऱ्याने गळून पडलेली, एका अंगाला दबलेली किंवा किडीने पोखरलेली फळे चार-आठ दिवसांत नासू लागतात. नॉर्मंडीसारख्या प्रांतात अशा फळांचा रस काढून तो आंबवतात व त्यापासून सीडर हे पेय तयार होते. तरीही काही फळे उरतातच. त्यांचा बिघडलेला भाग कापून टाकून उरलेल्या फोडी कणकेच्या पोळीवर मांडाव्यात, पोळीच्या कडा आत दुमडाव्यात आणि ती भट्टीत भाजावी, ही तेथील गृहिणीची जुनी रीत आहे. या पदार्थास ‘गालेत’ असे नाव आहे.

नाव आणि रूप

‘गाले’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ समुद्रकाठचा गुळगुळीत, चपटा गोटा असा आहे. ‘गालेत’ हे नाव त्याच शब्दाशी संबंधित मानले जाते. त्यामुळे आकाराने चपट्या व वाटोळ्या अशा अनेक पदार्थांना ते लाभले आहे. ब्रिटनी प्रांतात कुट्टूच्या पिठाच्या धिरड्याला गालेत म्हणतात, तर ६ जानेवारीच्या सणाला ‘राजांची गालेत’ या नावाची पापुद्र्यांची पोळी खाल्ली जाते. प्रस्तुत प्रकरणात ज्या गालेतीचा विचार करावयाचा आहे, ती मात्र फळांची होय. इटलीतही साच्याशिवाय अशीच फळांची पोळी भाजण्याची पद्धत आहे.

हिचे वैशिष्ट्य असे की, तिला साचा लागत नाही. शहरातील हलवाई जी फळांची तार्त बनवितात, तिच्यासाठी कंगोरेदार पत्र्याचा साचा, नेमका आकार आणि सुबक मांडणी आवश्यक असते. गालेतीची कड ओबडधोबड असते, क्वचित ती तडकते आणि तडीतून फळाचा थोडा रस बाहेर येऊन करपतो. जाणकार याला दोष मानीत नाहीत. ज्या दोषाला सर्वजण भितात तो वेगळाच आहे : पोळीचा तळ ओला, कच्चा व चिवट राहणे. तसे झाले तर लोणी, फळे आणि इंधन हे सारेच वाया जाते. म्हणून गालेत शिकणे म्हणजे मुख्यतः हा तळ कोरडा कसा ठेवावा हे शिकणे होय.

गावची भट्टी

आज घरोघरी विजेची किंवा गॅसची भट्टी असली, तरी पूर्वी अशी स्थिती नव्हती. सरंजामशाहीच्या काळात फ्रान्समधील अनेक गावांत भट्टी जमीनदाराच्या मालकीची असे. गावकऱ्यांनी आपली पावरोटी तेथेच भाजली पाहिजे आणि त्याबद्दल मोबदला दिला पाहिजे, असा दंडक होता. फ्रेंच राज्यक्रांतीत, १७९३ साली, सरंजामी हक्क कोणतीही भरपाई न देता रद्द करण्यात आले. त्यानंतरही सामाईक भट्ट्या अनेक खेड्यांत दीर्घकाळ चालू राहिल्या.

अशी भट्टी लाकडे जाळून तापवीत, मग निखारे बाजूला सारून विटांनी धरून ठेवलेल्या उष्णतेवर भाजणी होई. उष्णता मोजण्याचे साधन नव्हते. भट्टीच्या तळावर चिमूटभर पीठ टाकावे. ते ताबडतोब काळे पडले तर भट्टी अति तापली आहे, सावकाश तांबूस झाले तर योग्य तापली आहे, असा अंदाज बांधीत. आल्सास प्रांतात पावरोट्या भाजण्याआधी कणकेची एक पातळ पोळी आत सरकवून पाहत. पावरोट्या बाहेर निघाल्यावर जी ऊब शिल्लक राही, तिच्यावर फळांचे पदार्थ भाजून निघत. तापलेल्या विटांवर थेट टेकल्यामुळे पोळीचा तळ आपोआपच कोरडा होई. घरच्या भट्टीत हीच गोष्ट हेतुपुरस्सर साधावी लागते.

खुसखुशीतपणा कशामुळे येतो?

गव्हाच्या पिठात ग्लुटेनिन व ग्लायडिन ही दोन प्रथिने असतात. पाणी मिळून पीठ मळले गेले की त्यांपासून ग्लुटेन नावाचे लवचिक जाळे तयार होते. पोळीची कणीक ताणली जाते ती याच जाळ्यामुळे. पोळीला हा गुण उपकारक असला, तरी गालेतीला तो मारक आहे. कारण भाजताना असे जाळे आक्रसते व चामड्यासारखे चिवट होते.

यावर उपाय म्हणजे स्निग्ध पदार्थ. महाराष्ट्रातील गृहिणी शंकरपाळ्याच्या पिठात मोहन घालते तेव्हा पिठाच्या कणांभोवती तुपाचे आवरण बसते, पाणी त्यांच्यापर्यंत कमी पोहोचते आणि ग्लुटेन पुरेसे तयार होत नाही. पदार्थ खुसखुशीत होण्याचे कारण हेच. चिरोटे किंवा साट्याच्या करंज्या करताना मात्र साटा दोन थरांच्या मध्ये राहतो व त्यामुळे पदर सुटतात. गालेतीच्या कणकेत या दोन्ही क्रिया एकाच वेळी घडवून आणावयाच्या असतात. लोण्याचा काही भाग पिठात मुरतो आणि काही भाग वाटाण्याएवढ्या तुकड्यांच्या रूपाने तसाच राहतो. लाटताना हे तुकडे चपटे होतात. भट्टीच्या उष्णतेने ते वितळतात, त्यांतील व कणकेतील पाण्याची वाफ होते आणि ती वाफ थर वर उचलते. पाण्याची वाफ झाली म्हणजे तिचे आकारमान सुमारे सोळाशे पटींनी वाढते, हे लक्षात घेतले की एवढ्याशा पाण्याचे सामर्थ्य कळून येते.

लोणी ३२ ते ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. भारतातील पुष्कळ भागांत उन्हाळ्यात स्वयंपाकघराचे तापमान तेवढे असतेच. म्हणून येथे हा पदार्थ पहाटे किंवा रात्री, लोणी आणि पीठ दोन्ही थंड करून करणे श्रेयस्कर. लोण्याऐवजी तूप वापरल्यास पदार्थ खुसखुशीत होतो, परंतु त्याचा पोत नानकटाईसारखा रवाळ येतो. तुपात पाणी जवळजवळ नसल्याने पदर सुटत नाहीत.

साहित्य

कणकेसाठी : मैदा २०० ग्रॅम, थंड घट्ट लोणी १०० ग्रॅम, साखर १ लहान चमचा, मीठ चिमूटभर (लोणी खारे असल्यास मीठ वगळावे), बर्फाचे पाणी ४ ते ५ मोठे चमचे.

सारणासाठी : मध्यम आकाराची ४ सफरचंदे, साखर ५० ग्रॅम, लिंबाचा रस १ लहान चमचा, बारीक रवा १ मोठा चमचा, लोणी १५ ग्रॅम. कडांना लावण्यासाठी थोडे दूध.

कृती

मैदा, मीठ व साखर एकत्र चाळून घ्यावी. लोण्याचे लहान चौकोनी तुकडे करून ते पिठात टाकावेत आणि बोटांच्या टोकांनी चोळावेत. तळहात वापरू नये, कारण तो अधिक उष्ण असतो. मिश्रण भरड दिसू लागले आणि त्यात वाटाण्याएवढे काही तुकडे शिल्लक राहिले म्हणजे थांबावे. मग एकेक चमचा पाणी शिंपडून ते एकत्र करावे. मूठ आवळली असता गोळा होतो असे दिसताच पाणी घालणे बंद करावे. कणीक मुळीच मळू नये. गोळा किंचित चपटा करून, ओल्या फडक्यात किंवा कागदात गुंडाळून शीतकपाटात एक तास ठेवावा. या विश्रांतीत पिठात पाणी सारखे मुरते, ताणलेले ग्लुटेन सैल पडते आणि लोणी पुन्हा घट्ट होते.

भट्टी २२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी व तापताना तिच्या खालच्या कप्प्यात पत्र्याचे सपाट ताट ठेवावे. पूर्वीच्या तापलेल्या विटांचे काम आता या ताटाने करावयाचे आहे.

कणकेची सुमारे ३२ सेंटिमीटर व्यासाची व तीन-चार मिलिमीटर जाडीची पोळी भट्टीच्या कागदावर लाटावी. ती पूर्ण वाटोळी नसली तरी चालते. तिच्यावर, कडेची चार-पाच सेंटिमीटर जागा सोडून, रवा भुरभुरावा. फळातून सुटणारा रस हा रवा शोषून घेतो. सफरचंदांची साल व बिया काढून पातळ फोडी कराव्यात, त्यांना लिंबाचा रस लावावा आणि त्या एकीवर एक थोडी चढेल अशा मांडाव्यात. लिंबातील आम्लामुळे फोडी काळ्या पडत नाहीत. साखर सर्वांत शेवटी पेरावी. ती आधी लावली तर फळातील पाणी बाहेर ओढून घेते व भाजण्यापूर्वीच पोळी भिजू लागते. कड आत दुमडून चुण्या घालाव्यात, वरून लोण्याचे कण ठेवावेत आणि कडेला दूध लावावे. नंतर कागदासह गालेत उचलून तापलेल्या ताटावर सरकवावी.

पंधरा मिनिटांनी उष्णता १९० अंशांवर आणावी व आणखी अर्धा तास भाजावे. कडेला येणारा तांबूस रंग व खमंग वास हा प्रथिने आणि शर्करा यांच्यातील प्रक्रियेचा परिणाम होय. लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली तिचे वर्णन केल्यामुळे ती त्याच्या नावाने ओळखली जाते. मात्र वरचा रंग पाहून समाधान मानू नये. उलथन्याने एक बाजू उचलून तळ पाहावा. तो तांबूस व कडक झाला असेल, तरच गालेत बाहेर काढावी. ती लगेच जाळीवर ठेवावी. ताटातच राहिली तर खाली कोंडलेली वाफ भाजलेला तळ पुन्हा ओला करते.

फळांची निवड

शिजल्यावर आकार टिकवून धरणारी, किंचित आंबट फळे यासाठी उत्तम. फ्रान्समध्ये रेनेत वर्गातील सफरचंदे याकरिता नावाजलेली आहेत. भारतात हिमाचल प्रदेशातील कोटगढ येथे सॅम्युएल स्टोक्स यांनी १९१६ साली अमेरिकेतील ‘रेड डिलिशस’ जातीची रोपे लावली आणि तेथील फळबागाइतीला नवे वळण मिळाले. ही लाल, गोड फळे तशीच खाण्यास रुचकर असतात, परंतु भाजल्यावर त्यांचा लगदा होतो. त्यांच्याऐवजी पिवळे ‘गोल्डन’ किंवा हिरवे आंबट सफरचंद घ्यावे. आलुबुखार, जर्दाळू व अंजीर हीही चालतात. मात्र रसाळ फळांसाठी रव्याचे प्रमाण दुप्पट करावे.

दोष आणि त्यांची कारणे

कड लाटताना वारंवार आक्रसत असेल, तर कणीक मळली गेली आहे किंवा तिला विश्रांती कमी मिळाली आहे. भाजताना लोणी बाहेर वाहिले, तर ते आधीच मऊ झाले होते असे समजावे. तळ ओला राहिला, तर भट्टी पुरेशी तापलेली नव्हती, फळांचा थर जाड होता किंवा गालेत वेळेआधी काढली गेली, यांपैकी एक कारण असते. पहिल्या प्रयत्नात यांतील एखादा दोष राहणे स्वाभाविक आहे. कारण ओळखता आले, म्हणजे दुसऱ्या वेळी तो टाळता येतो.

ज्या घरात हा पदार्थ जन्मला त्या घरातील स्त्रीजवळ तराजू नव्हता, तापमापक नव्हता आणि वाया घालविण्याइतके लोणीही नव्हते. पिठाचा स्पर्श, चिमूटभर पिठाचा रंग आणि तळाचा टणकपणा यांवरून ती निर्णय घेत असे. आजच्या शिकाऊ व्यक्तीने मापांचा आधार जरूर घ्यावा. पण प्रत्येक टप्प्यावर हाताला काय जाणवते याकडेही लक्ष द्यावे. चार-सहा वेळा गालेत केल्यावर मापे मागे पडतात आणि पाणी कोठे थांबवावे हे हातच सांगू लागतो. मग टोपलीच्या तळाशी राहिलेली डागळलेली फळे टाकून देण्याचे कारण उरत नाही.